भुयारी गटार दारात आलं, तरी नाला काळाच का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. घोडबंदर रोडला २०० फ्लॅटची, वीसेक वर्षं जुनी तुमची सोसायटी. सेप्टिक टँक बंद करून रस्त्यातल्या भुयारी गटाराला जोडणी घ्या, अशी महापालिकेची नोटीस आली आहे आणि आवारातल्या कामाचा खर्च सोसायटीवर आहे. सभेत तीन मतं पडली. एकाचं म्हणणं, इतकी वर्षं खोदकाम चाललंय तरी मागचा नाला काळाच, मग आपण पैसे का घालायचे? दुसरा म्हणतो, आधी सांडपाणी प्रक्रिया केंद्र मोठं करा, मग आमच्याकडे या. तिसऱ्याने जिवाणूंच्या पावडरीचं पत्रक आणलंय, नाल्यात टाकली की पाणी स्वच्छ. आणि तुम्ही विचारताय की आपण एकट्याने जोडणी घेऊन खाडीला खरंच काही फरक पडेल का.

पडेल. किती पडेल ते दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्यातल्या निम्म्या तुमच्या आवारातल्या आहेत. मी सत्तावीस वर्षं याच कामात काढली. आधी ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर होतो, मग सल्लागार म्हणून ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबईत. त्यामुळे पुस्तकातलं थोडं आणि चेंबरमधलं जास्त सांगतो.

गोंधळाचं मूळ आपल्या शब्दातच आहे. मराठीत दोन्हीला गटारच म्हणतात. रस्त्याच्या कडेचं, वर फरश्या टाकलेलं गटार पावसाच्या पाण्यासाठी असतं. ते नाल्याला मिळतं आणि नाला खाडीला. त्याच्या वाटेवर कुठेही प्रक्रिया नाही, असायचीही नाही. भुयारी गटार, म्हणजे मलवाहिनी, वेगळी. ती रस्त्याच्या पोटातून पंपिंग स्टेशनला जाते आणि तिथून प्रक्रिया केंद्राला. तुमच्या सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो आज यातल्या पहिल्या गटारात जातो. वीस वर्षांपूर्वी त्या रस्त्याला दुसरं गटार नव्हतंच, तेव्हा बिल्डरचाही इलाज नव्हता. येऊरच्या डोंगरातून उतरणारे ओढे तुमच्या भागातून उल्हास नदीच्या खाडीत जातात. तिथे उल्हास नदी म्हणून उरलेलीच नसते, भरती-ओहोटीची खाडी झालेली असते. उन्हाळ्यात त्या ओढ्यांना डोंगराचं पाणी जवळपास नसतं. तरी नाला वाहतोय. मग वाहतंय काय?

हे स्वतः बघायचं असेल तर मे महिन्यात दोनदा नाल्यावर जा, एकदा पहाटे तीनला आणि एकदा सकाळी आठला. पाऊस जाऊन सात महिने झालेले असतात. सकाळी आठला धार जाड आणि पहाटे बारीक असेल तर ती सरळ घराघरांतली अंघोळ, संडास आणि धुणीभांडी आहेत. पहाटेही तेवढीच जाड असेल तर कुठेतरी पिण्याच्या पाण्याची लाइन फुटली आहे किंवा भूजल शिरतंय. कुठल्याही नाल्याचा अभ्यास मी असाच सुरू करतो. थर्मासमधला चहा आणि एक प्लास्टिकची बादली, एवढ्यात अहवालाचं अर्धं काम होतं.

आता तुमच्या सोसायटीचं गणित. २०० फ्लॅट, घरटी साडेचार माणसं धरली तर ९००. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, हा आपल्याकडच्या योजनांचा नेहमीचा हिशेब. म्हणजे माणशी १०८ लिटर, आणि सोसायटीचं दिवसाला जवळजवळ एक लाख लिटर. यातली घाण मोजायचं माप म्हणजे बीओडी, ती कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. माणशी साधारण २७ ग्रॅम धरतात, म्हणजे तुमचे दिवसाला २४-२५ किलो. आपल्या हवेत पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो. भागाकार केला तर तुमची एक सोसायटी रोज ३०-३३ लाख लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊ शकते. वाहतं पाणी हवेतून तो पुन्हा घेतं हे खरं, पण संथ, गाळाने भरलेल्या नाल्यात फार थोडा. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू काम हाती घेतात, सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि पाणी काळं पडतं. तो रंग रसायनाचा असतोच असं नाही, बऱ्याचदा तो गुदमरलेल्या पाण्याचा असतो.

सेप्टिक टँक यातलं तीसेक ते फार तर पन्नास टक्के अडवतो, तेही दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढला तर. तुमच्या टँकचा गाळ शेवटचा कधी काढला ते सेक्रेटरींना विचारून बघा. मी ज्या ज्या सोसायटीत विचारलंय तिथे 'मागच्या कमिटीने काढला असेल' हेच उत्तर मिळालंय. गाळाने भरलेला टँक म्हणजे फक्त एक खोलगट पाइप. वरून आलेलं तसंच पुढे जातं.

म्हणून दुसऱ्या सभासदांना सांगा की केंद्र मोठं करायची मागणी म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. केंद्राला मलवाहिनीतून येईल तेवढंच पाणी मिळतं. नव्या केंद्रात क्षमतेच्या निम्मंसुद्धा सांडपाणी येत नाही आणि दोनशे पावलांवरचा नाला तुडुंब वाहतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शहर कुठलं ते सांगत नाही. केंद्राच्या उद्घाटनाला फीत कापता येते. तुमच्या आवारातल्या शेवटच्या चेंबरपासून रस्त्यातल्या मॅनहोलपर्यंतच्या दहा-बारा मीटरना कोण फीत लावणार? ठेकेदाराचं बिल पाइपच्या मीटरवर निघतं. त्यामुळे मोठ्या व्यासाचा मुख्य पाइप सरळ रस्त्यात टाकणं त्याला परवडतं. घरजोडणीला मात्र पैसे किरकोळ आणि कटकट भरपूर. पार्किंग खोदायचं, पेव्हर ब्लॉक उखडायचे, गॅसची लाइन सांभाळायची, कमिटीची परवानगी काढायची. ती मागे पडते, आणि मग पाइप वर्षानुवर्षं कोरडा राहतो.

कोरडा पाइप नुसता निरुपयोगी नसतो, तो बिघडतोही. मलवाहिनीत पाणी सेकंदाला किमान ०.६ मीटर वेगाने वाहिलं तरच ती स्वतःला धुऊन काढते. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून पाइप मोठा टाकायचा आणि त्यात चार इमारतींचं पाणी सोडायचं, म्हणजे तळाला बोटभर धार. वाळू बसते, त्यावर तेलाचा थर, आणि पहिल्याच पावसाळ्यात चोकअप. 'भुयारी गटार तुंबतं, आमचा सेप्टिक टँकच बरा होता' ही तक्रार तिथून येते. त्यामुळे शेजारच्या पाच सोसायट्या एकाच हंगामात जोडल्या गेल्या तर तुमची लाइन चांगली चालेल. पहिल्या सभासदांसाठी माझं उत्तर तेच: नाला काळा आहे म्हणून जोडणी घ्यायची नाही म्हटलं, तर तो काळा राहण्याचं कारण तुम्हीच. वर ओवळ्यापर्यंत सगळे हेच म्हणत बसले तर झालंच.

नवी मुंबईत चित्र वेगळं दिसतं त्याचं कारण क्रमात आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९७०च्या दशकापासून नोड, म्हणजे शहराचे एकेक भाग, आखताना रस्ता, पाणी, मलवाहिनी आधी केली आणि माणसं नंतर आली. वाशी-नेरुळच्या सेक्टरांमध्ये बहुतेक इमारतींची जोडणी पहिल्यापासून आहे, त्यामुळे तिथल्या केंद्रांना प्रक्रिया करायला सांडपाणी मिळतं. तिथेही मूळ गावठाणं आणि डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्या या आखणीच्या बाहेर राहिल्या. ठाण्यात उलटं झालं. घोडबंदरला आधी टॉवर, मग रस्ता रुंद, मग पाण्याची लाइन, आणि सगळ्यात शेवटी मलवाहिनी, तीही मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत.

पण नवी मुंबईचीही एक अडचण आहे, आणि खाडीकाठच्या ठाण्यालाही ती लागू पडते. जमीन सपाट आहे. मलवाहिनी उतारावर चालते. दोनशेला एक असा उतार धरला तर किलोमीटरला पाच मीटर खोल जावं लागतं. डोंगराच्या कुशीत हा उतार फुकट मिळतो. खाडीकाठी दीड किलोमीटरवर पाइप साडेसात मीटर खाली गेलेला असतो, तिथे भूजल खारट आणि माती काळी, चिकट. मग पंपिंग स्टेशन, पाणी वर उचलायचं, पुन्हा उतार. प्रत्येक पंपिंग स्टेशन म्हणजे वीज, जनरेटर, जाळीवर अडकलेला कचरा काढणारा माणूस आणि पहाटे तीनला वाजणारा फोन. पंप बंद पडला तर संप, म्हणजे पंपाखालची सांडपाण्याची टाकी, भरतो, आणि संपाला बहुधा नाल्याकडे एक तोंड ठेवलेलंच असतं. केंद्र कागदावर उत्तम चालत असतानाही खाडीत मैला जातो तो अशा तोंडांमधून. तुमच्या भागाच्या पंपिंग स्टेशनला दुसऱ्या फीडरची, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीची, वीज किंवा चालू स्थितीतला जनरेटर आहे का, हा नगरसेवकाला विचारायचा प्रश्न आहे. केंद्राची क्षमता विचारून काही कळत नाही.

पावसाळ्याचं मात्र नीट ऐका, कारण इथे सोसायट्या स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. जोडणी करताना प्लंबर गच्चीचा पावसाचा पाइपही त्याच चेंबरमध्ये सोडून देतो. वेगळी लाइन टाकायचा खर्च वाचतो, आवारात पाणी साचत नाही, सगळे खूश. आता हिशेब करा. ५०० चौरस मीटरची गच्ची, तासाला ५० मिलिमीटर पाऊस, ठाण्यात यात विशेष काही नाही. एका तासात २५ हजार लिटर, म्हणजे सेकंदाला सातेक लिटर. तुमच्या ९०० माणसांचं सांडपाणी सकाळच्या गर्दीत, सरासरीच्या तिप्पट धरूनही, सेकंदाला साडेतीन लिटरच्या आसपास. एका विंगची गच्ची सगळ्या सोसायटीच्या दुप्पट पाणी ओतते. दहा सोसायट्यांनी हेच केलं की रस्त्यातली मॅनहोलची झाकणं उचलली जातात आणि सगळ्यात खालच्या इमारतीतल्या तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं. त्यात भरतीची वेळ असेल तर नालाही पाणी घेत नाही, आणि ते जाणार कुठे? नवी मुंबईत यासाठी होल्डिंग पाँड आहेत. भरतीत खाडीकडचे दरवाजे मिटतात, पाऊस तळ्यात थांबतो, ओहोटीला बाहेर जातो. पण ती सोय पावसाच्या पाण्याची आहे. मलवाहिनीत घुसलेल्या पावसाला असं तळं नाही. तेव्हा जोडणीचा नकाशा प्लंबरकडून कागदावर घ्या, आणि पावसाचा एकही पाइप त्या चेंबरला येत नाही हे लिहून घ्या. तुमची इमारत उताराच्या तळाशी असेल तर शेवटच्या चेंबरला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. उंचावर असाल तर त्याची गरज नाही, उगाच तुंबायला एक जागा वाढते.

मग सगळ्या घराघराला जोडणी होईपर्यंत नाल्याचं काय करायचं? नाला खाडीला मिळण्याआधी अडवायचा आणि उन्हाळ्यातली धार मलवाहिनीत वळवायची, असा एक मधला मार्ग असतो. दाट वस्तीत, जिथे बोळ हातभर रुंद आणि खाली मॅनहोलला जागाच नाही, तिथे मी स्वतः तो सुचवलाय आणि पुन्हाही सुचवेन. सोसायट्यांच्या भागात मात्र ती पळवाट होते, कारण मग जोडण्यांची घाई कुणालाच राहत नाही. शिवाय भरतीच्या टप्प्यात बंधारा बांधला आणि त्याची उंची चुकली, की खाडीचं पाणी आत येतं. एका ठिकाणी केंद्रातले जिवाणू दर पौर्णिमा-अमावास्येला माना टाकत होते. महिनाभर सगळे रसायनं बदलत बसले. शेवटी येणाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तपासलं आणि भरतीचं वेळापत्रक शेजारी ठेवलं. मोठ्या भरतीला बंधाऱ्यावरून खारं पाणी केंद्रात येत होतं. वीतभर काँक्रीट वाढवलं, दुखणं गेलं. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे पाइपात हायड्रोजन सल्फाइडही वाढतो. तो वरच्या ओलसर भागात आम्ल होऊन बसतो आणि सिमेंटचा पाइप माथ्याकडून खातो. रस्ता अचानक खचतो त्यातली काही प्रकरणं अशी असतात.

जिवाणूंच्या पावडरीबद्दल एवढंच सांगतो की मैल्यात जिवाणू मुळातच अगणित असतात, कमी पडतो तो प्राणवायू आणि वेळ. वाहत्या नाल्यात दोन्ही मिळत नाहीत. वास थोडे दिवस कमी होतो, कारण पत्रकाबरोबर फवारणीही येते.

आता सोसायटीचा स्वतःचा सांडपाणी प्रक्रिया प्लांट. तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण हा मुद्दा सभेत निघणारच. २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींमध्ये प्लांट येतो, म्हणून तुमच्या आसपासच्या नव्या मोठ्या संकुलांत तो दिसतो. फ्लशिंगला आणि बागेला प्रक्रिया केलेलं पाणी वापरलं तर टँकरचे पैसे वाचतात, हे खरं. पण तो चालवायला कायम माणूस आणि पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरची रात्रंदिवस वीज लागते. एखाद्या सोसायटीचा प्लांट खरंच चालतो का ते मला बघायचं असेल तर मी पाण्याचा नमुना मागत नाही, प्लांटच्या वेगळ्या मीटरची वर्षभराची बिलं मागतो. ब्लोअर रात्री बंद ठेवत असतील तर लगेच कळतं. तुमच्यासारख्या जुन्या, जागा नसलेल्या सोसायटीने दारात मलवाहिनी आलेली असताना प्लांट बांधू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टँकरवर लाखोंनी खर्च असेल तर गणित बदलेल, तेव्हा पुन्हा बघा.

केंद्रांकडून अपेक्षा काय ठेवायची तेही सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये बाहेर पडणाऱ्या पाण्यातला बीओडी लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत आणण्याचा आग्रह धरला, त्याआधी २०१७च्या अधिसूचनेत महानगरांसाठी ती मर्यादा २० होती. घरातून निघताना बीओडी २५०च्या आसपास असतो. तुमचे २५ किलो केंद्रातून एक ते दोन किलो होऊन बाहेर पडतील. अंघोळीयोग्य नदीला बीओडी ३च्या आत लागतो, ती आशा खाडीकडून लगेच धरू नका. उल्हास तुमच्यापर्यंत येताना बदलापूर, अंबरनाथ, कल्याणचं आणि वालधुनी नदीतून उल्हासनगरचं ओझं घेऊनच येते. तिच्यातूनच शहाडला उचललेलं पाणी ठाण्याच्या नळालाही येतं, ही वेगळी गंमत. तुमच्या जोडणीने वालधुनी स्वच्छ होणार नाही. मागचा नाला होऊ शकतो, आणि नाल्याच्या तोंडाशी कांदळवनात श्वास घेणाऱ्या जिताड्या-निवट्यांसारख्या माशांना नाल्याचंच पाणी आधी लागतं. पलीकडे ठाणे खाडीत २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. तिथेही पाण्याचा प्रश्न नाल्यांच्या तोंडाशीच आहे.

शेवटी कामाचं. जोडणी घेताना सेप्टिक टँक मध्ये ठेवून त्यातून लाइन पुढे नेऊ नका. काही प्लंबर तसं सुचवतात, खोदकाम वाचतं म्हणून. टँकमध्ये सडलेलं पाणी पुढे रस्त्यातल्या पाइपात वायू सोडतं. चेंबरपासून थेट नवी लाइन काढा, उतार लेव्हल घेऊन तपासा, त्याआधी रस्त्यातल्या मॅनहोलच्या तळाची पातळी कनिष्ठ अभियंत्याकडून लेखी मागा. तुमचा शेवटचा चेंबर त्याहून खोल निघाला तर उताराने काम होणार नाही, पंप लागेल आणि अंदाजपत्रक बदलेल. टँक सक्शन गाडीने पूर्ण रिकामा करून घ्या, तळाला भोक पाडून मुरूम-वाळूने भरा, नाहीतर रिकामा टँक पावसाळ्यात भूजलाने उचलला जातो. आणि कुणालाही आत उतरवू नका. 'पाचच मिनिटं साहेब' म्हणणारा माणूस पाचव्या मिनिटाला बेशुद्ध होतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. रिकाम्या दिसणाऱ्या टँकमध्येही वायू असतो. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस सफाईला उतरवणं गुन्हा आहे, आणि मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये ठरवली. तळाचं भोकही वरून, यंत्रानेच पाडायचं. ठेकेदाराच्या करारात ही अट पहिल्या पानावर घाला.

काम झालं की पैसे देण्याआधी एक चाचणी करा. प्रत्येक विंगच्या तळमजल्याच्या संडासात नळ-तपासणीचा हिरवा रंग किंवा साधा खाण्याचा रंग भरपूर पाण्यात कालवून ओता. एक माणूस रस्त्यातल्या मॅनहोलवर, एक नाल्याच्या तोंडावर उभा करा. मागे एका सोसायटीत पूर्णत्वाचा दाखला निघाला, ठेकेदाराचं बिल निघालं, पेढेही वाटले गेले. सी विंगचा रंग मात्र अर्ध्या तासाने नाल्यात निघाला. जुनी लाइन बुजवायची राहिली होती, आणि पाणी जुन्याच सवयीच्या वाटेने जात होतं.